कॉलेज फुटबॉल संघासाठी स्टेडियम किती मोठं असावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत शिकणारी मुलं, त्यांना भेटायला गेलेले आईबाबा, तिथल्या माजी विद्यार्थी संघटनांत काम करणारे आपले लोक आणि इकडे स्टेडियमवर थीसिस करणारे आर्किटेक्चरचे विद्यार्थी या सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हवा तो प्रश्न थेट वाचता येईल. दोन प्रश्नांचा संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. इथे फुटबॉल म्हणजे कोणता? आणि कॉलेजच्या मुलांचा खेळ बघायला लाखभर लोक कसे येतात?

हेल्मेट आणि खांद्यांवर पॅड घालून खेळतात तो अमेरिकन फुटबॉल. मैदान दोन्ही टोकांच्या एंड झोनसकट ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद असतं. हंगाम ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत चालतो आणि सामने बहुतेक शनिवारी होतात.

अमेरिकेतल्या कितीतरी राज्यांत व्यावसायिक संघच नाही. नेब्रास्का, अलाबामा, आयोवा इथल्या माणसाचा संघ म्हणजे त्याच्या राज्याच्या विद्यापीठाचा संघ. तो तिथे शिकलेला नसला तरी त्याचे वडील आणि आजोबा तिथे सामने बघत आलेले असतात. म्हणून मिशिगन, पेन स्टेट, ओहायो स्टेट, टेक्सास ए अँड एम, एलएसयू (लुईझियाना स्टेट), टेनेसी, अलाबामा आणि टेक्सास या आठ विद्यापीठांची स्टेडियम एक लाखाहून मोठी आहेत. आपलं वानखेडे साधारण ३३ हजारांचं आहे, म्हणजे मिशिगनचं त्याच्या तिपटीहून मोठं झालं.

पण हे आठ अपवाद आहेत. सगळ्यात वरच्या गटात, म्हणजे एफबीएसमध्ये, सुमारे १३५ संघ आहेत आणि आकाराचा खरा पेच उरलेल्यांपुढे असतो.

२. स्टेडियमची क्षमता मोजतात कशी?

जुन्या स्टेडियममध्ये खुर्च्या कमी आणि ॲल्युमिनियमचे लांबच लांब बाक जास्त असतात. बाकावर आकडे रंगवलेले असतात आणि दोन आकड्यांमधलं अंतर सहसा १८ इंच धरतात. बाकाची एकूण लांबी भागिले १८ इंच, इतकं हे गणित साधं आहे.

सप्टेंबरमध्ये टी-शर्ट घातलेला माणूस त्या १८ इंचांत मावतो. नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बरसारख्या गावी तोच माणूस जाड जॅकेट, आत स्वेटर, मांडीवर घडी केलेलं ब्लँकेट अशा थाटात येतो, आणि वीस जणांच्या रांगेत सतरा जणांनंतर जागा संपते. बाक काढून पाठीच्या खुर्च्या बसवल्या की माणशी रुंदी वाढते आणि क्षमता खाली येते. म्हणून नूतनीकरणानंतर आकडा घटला तर स्टेडियम लहान झालं असं लगेच समजू नका. बऱ्याचदा ते फक्त बसण्यासारखं झालेलं असतं.

३. एनसीएएचा किमान आकाराचा नियम आहे का?

एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना. आज एफबीएससाठी तिचा तसा बंधनकारक आकडा नाही. १९७८ मध्ये वरच्या विभागाचे दोन भाग झाले, तेव्हा स्टेडियमची ३० हजारांची क्षमता आणि सरासरी १७ हजार प्रेक्षक हे निकष महत्त्वाचे होते. पुढे ते सैल झाले आणि घरच्या सामन्यांना सरासरी १५ हजारांची अट राहिली. २०२३ मध्ये तीही काढली. त्याऐवजी खेळाडूंच्या शिष्यवृत्त्या आणि एफबीएसमध्ये येण्याचं शुल्क यांच्या अटी कडक केल्या.

तरी ३० हजार हा आकडा लोकांच्या डोक्यातून गेलेला नाही. नव्या स्टेडियमचे प्रस्ताव पाहिलेत तर अनेकांची सुरुवात तिथूनच होते. नियम गेला, सवय राहिली. तुमच्या समितीत कोणी "तीस हजार तर लागतातच" म्हणालं, तर कशासाठी लागतात ते जरूर विचारा.

आणखी एक गोष्ट, कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या, स्वतःच्या अपेक्षा असतात. वरच्या कॉन्फरन्समध्ये जाण्याबद्दल प्रश्न १२ पाहा.

४. मग आकडा काढायचा कसा?

माझं मत स्पष्ट आहे. सगळ्यात मोठ्या सामन्याची गर्दी बघून स्टेडियम बांधू नये. साध्या शनिवारी, दुबळा प्रतिस्पर्धी असताना किती लोक येतात ते आधी बघावं आणि तिथून वर चढावं.

समजा एका विद्यापीठाचे हंगामात सहा घरचे सामने आहेत आणि गेटवर स्कॅन झालेली तिकिटं अशी: १८, १९, २२, २४, २७ आणि ३४ हजार. शेवटचा आकडा शेजारच्या राज्याशी असलेल्या जुन्या वैराच्या सामन्याचा. सरासरी येते २४ हजार. समितीतले अर्धे लोक म्हणतात ३५ हजारांचं बांधू, मोठ्या सामन्याला कोणी परत जायला नको. उरलेले म्हणतात २८ हजार पुरे.

३५ हजारांचं बांधलं तर बाकीच्या पाच सामन्यांत मिळून ६५ हजार जागा रिकाम्या राहतात. २८ हजारांचं बांधलं तर ३० हजार. २८ हजारांत तोटा एवढाच की मोठ्या सामन्याला सहा हजार लोकांना तिकीट मिळत नाही.

आता पैशांकडे बघू. वरच्या सात हजार जागांना माणशी साडेचार हजार डॉलर धरले (हा दर का, ते प्रश्न ८ मध्ये आहे) तरी सव्वातीन कोटी डॉलरच्या आसपास खर्च येतो. त्यातून वर्षाला सहा हजार जास्तीची तिकिटं विकली जाणार. तिकीट ६० डॉलरचं धरलं तर ३ लाख ६० हजार डॉलर. खाणंपिणं आणि पार्किंग धरून रक्कम दुप्पट केली तरी निव्वळ मुद्दल फिटायला चाळीसहून जास्त वर्षं लागतात, व्याज वेगळंच.

शिवाय त्या सहा हजार लोकांना तिकीट न मिळणं हा सगळा तोटाच नसतो. एका सामन्याचं तिकीट हमखास मिळत नाही हे कळलं की लोक सीझन तिकीट काढतात, आणि सीझन तिकीट काढलेला माणूस १८ हजारांच्या सामन्यालाही येतो. ही टंचाई हाताशी ठेवणं हे आकार ठरवण्यातलं सगळ्यात मोलाचं काम आहे.

हेच गणित तुमच्या संघाच्या किमान पाच हंगामांवर करा. संघ जिंकत होता ती वर्षं आणि हरत होता ती वर्षं दोन्ही त्यात हवीत. फक्त चांगला हंगाम धरून काढलेला आकडा नेहमी फुगलेला येतो.

५. वर्तमानपत्रात छापून येते ती उपस्थिती धरली तर चालेल का?

नाही. जाहीर होणारा आकडा बहुतेक वेळा विकलेल्या किंवा वाटलेल्या तिकिटांचा असतो, गेटमधून आत आलेल्या माणसांचा नसतो. २०१८ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने अनेक विद्यापीठांच्या स्कॅन झालेल्या तिकिटांच्या नोंदी मिळवल्या. जाहीर आकड्याच्या सरासरी ७१ टक्केच लोक प्रत्यक्ष आत आले होते. म्हणजे ४० हजार छापलं असेल तर बाकांवर कदाचित साडेअठ्ठावीस हजार असतील.

सरकारी विद्यापीठ असेल तर ही नोंद माहिती-अधिकारासारख्या राज्याच्या कायद्याखाली मागता येते. मागाच. तिच्याशिवाय प्रश्न ४ मधलं गणित करण्यात अर्थ नाही.

६. विद्यार्थिसंख्येवरून आकार ठरवता येतो का? आमच्याकडे ४० हजार विद्यार्थी आहेत.

पटसंख्या एकट्याने काहीच सांगत नाही. ४० हजारांतले वसतिगृहात आणि कॅम्पसच्या आसपास राहणारे किती, शुक्रवारी संध्याकाळी गाडी काढून घरी जाणारे किती, ऑनलाइन शिकणारे किती, नोकरी करून रात्रीचे वर्ग करणारे किती? मोठ्या शहरातल्या विद्यापीठांत पटावर प्रचंड संख्या असते आणि शनिवारी कॅम्पस ओस पडतो.

याउलट माजी विद्यार्थी दोन-तीन तासांच्या गाडीच्या अंतरावर राहत असतील तर तो पाया भक्कम. पेन स्टेट हे ठळक उदाहरण. स्टेट कॉलेज हे गाव कुठल्याच मोठ्या शहराजवळ नाही, तरी लोक शुक्रवारीच आरव्ही (आत राहता येईल अशी मोठी गाडी) घेऊन येतात आणि रविवारी परततात. पण ही सवय पिढ्यांची आहे. नव्या संघाने ती गृहीत धरून चालत नाही.

विद्यार्थ्यांचा विभाग कुठे ठेवायचा हेही आकाराइतकंच महत्त्वाचं आहे. ही मुलं पूर्ण सामना बाकावर उभी राहून बघतात, त्यामुळे मागे बसलेल्यांना काही दिसत नाही. त्यांना एका टोकाला, मैदानालगत, बँडच्या शेजारी जागा द्या. आवाज तिथूनच निघतो.

७. मोठं बांधून ठेवलं तर बिघडतं काय? जागा रिकाम्या राहिल्या तर राहू देत.

बिघडतं, आणि ते स्टॅनफर्डने कबूल केलं. तिथलं १९२१ चं स्टेडियम ८५ हजारांवर गेलं होतं. १९८५ चा सुपर बोल तिथे झाला. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या सामन्यांना ते कधीतरीच भरायचं, आणि धावण्याच्या ट्रॅकमुळे प्रेक्षक मैदानापासून लांब बसायचे. २००५ चा शेवटचा घरचा सामना संपला आणि लगेच पाडकाम सुरू झालं. पुढच्या सप्टेंबरात त्याच जागी ५० हजारांचं नवं स्टेडियम उभं होतं. ट्रॅक गेला, प्रेक्षक मैदानाजवळ आले. ३५ हजार जागा स्वतःहून सोडून देणारं इतकं धाडसी पाऊल फार थोड्या विद्यापीठांनी उचललं आहे.

रिकाम्या जागांचा पहिला फटका बसतो तो आवाजाला. २५ हजार लोक २८ हजारांच्या वाडग्यात बसले की प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकला, म्हणजे डाव चालवणाऱ्या खेळाडूला, स्वतःच्या खेळाडूंशी बोलणं अवघड जातं. तेच २५ हजार ६० हजारांच्या स्टेडियममध्ये विखुरले की टीव्हीवर नुसते रिकामे बाक दिसतात. शाळकरी खेळाडू आपल्याकडे यावा म्हणून त्याला सामना दाखवायला आणतात, तोही हेच बघून जातो.

दुसरा फटका तिकिटांना. जागा नेहमीच शिल्लक असतात हे कळलं की आधी तिकीट काढायची घाई कुणालाच राहत नाही.

आणि हे फक्त मोठ्या स्टेडियमचं दुखणं नाही. ॲक्रनने २००९ मध्ये कॅम्पसवर ३० हजारांचं नवंकोरं स्टेडियम बांधलं, खर्च ६ कोटी डॉलरच्या वर गेला. इमारत उत्तम. पण पुढची कित्येक वर्षं तो संघ एफबीएसमधल्या सगळ्यात कमी गर्दीच्या संघांत राहिला. नवं स्टेडियम पहिल्या वर्षी कुतूहलाने माणसं आणतं. त्यानंतर माणसं आणायचं काम संघालाच करावं लागतं.

८. एका जागेमागे खर्च किती येतो?

एकच दर नाही, आणि इथेच समित्या फसतात. फ्लोरिडा अटलांटिकने २०११ मध्ये सुमारे ३० हजारांचं स्टेडियम ७ कोटी डॉलरमध्ये केलं, म्हणजे माणशी सव्वादोन हजारांच्या थोडं वर. बेलरचं २०१४ चं मॅक्लेन स्टेडियम ४५ हजारांचं, २६ कोटी ६० लाख डॉलर, माणशी सुमारे ५,९००. सॅन डिएगो स्टेटचं स्नॅपड्रॅगन, २०२२, ३५ हजार जागा, ३१ कोटी, माणशी जवळपास ८,९००. नॉर्थवेस्टर्नचं नवं रायन फील्डही ३५ हजारांचंच, पण अंदाज ८५ कोटींचा, म्हणजे माणशी २४ हजारांवर.

शेवटच्या दोन्ही स्टेडियमचा आकार सारखा आणि खर्च जवळपास पावणेतीनपट. त्यामुळे "किती जागा?" याच्या आधी "कशा जागा?" हे ठरवावं लागतं. छप्पर, खुर्च्या, सूट्स (सामना बघायच्या महागड्या खासगी खोल्या), स्वयंपाकघरं, लिफ्ट यांवर पैसा जातो. वरच्या टोकाच्या साध्या बाकांना सरासरीपेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो, म्हणूनच प्रश्न ४ मध्ये स्नॅपड्रॅगनच्या दराचा साधारण निम्मा दर धरला.

२०२५ पासून यात नवा घटक आला. न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, आणि पहिल्या वर्षाची मर्यादा विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर होती. स्टेडियमच्या कर्जाचा हप्ता आणि हे पैसे दोन्ही ॲथलेटिक विभागाच्याच तिजोरीतून जातात. दहा वर्षांपूर्वीचा अहवाल पुढे करून कोणी आकार ठरवत असेल तर त्याला इथे थांबवा.

९. मग मिशिगन आणि पेन स्टेट लाखाच्या वर कसे पोचले?

एका दमात नाही. मिशिगनचं स्टेडियम १९२७ मध्ये ७२ हजार जागांचं म्हणून आखलं होतं. तिथले क्रीडा संचालक फील्डिंग योस्ट यांना लाखाहून मोठं हवं होतं, तेवढी परवानगी मिळाली नाही, पण पाया मात्र पुढे वाढवता येईल असा घालून घेतला. लाखाचा आकडा १९५६ मध्ये ओलांडला. आज ते १,०७,६०१ आहे.

टेनेसीचं नेलंड १९२१ मध्ये ३,२०० जागांपासून सुरू झालं. ओहायो स्टेडियम १९२२ मध्ये ६६ हजारांचं होतं. पेन स्टेटची गोष्ट तर ऐकण्यासारखीच आहे. १९६० मध्ये त्यांनी जुनं लोखंडी स्टेडियम सुटं करून कॅम्पसच्या दुसऱ्या टोकाला नेलं आणि भर घालून ४६ हजारांचं केलं. १९७८ मध्ये स्टँड हायड्रॉलिक जॅकने वर उचलले आणि खाली, मैदानाच्या बाजूला, नव्या रांगा बसवल्या. आज क्षमता एक लाख सहा हजारांच्या आसपास आहे.

प्रत्येक वेळी आधीच्या जागा वर्षानुवर्षं भरत होत्या, मग पुढच्या घातल्या. लाखाचं स्टेडियम बघून डोळे दिपतात, पण त्यामागे कित्येक दशकांचा धीर आहे.

१०. पुढे वाढवता येईल असं बांधा म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं?

नुसती मोकळी जागा सोडणं म्हणजे विस्ताराची सोय नव्हे. आजच कराव्या लागणाऱ्या गोष्टी अशा: पुढच्या मजल्याचं वजन पेलतील असे पाये आणि खांब, जास्त माणसांना पुरेल इतका रुंद कॉनकोर्स (स्टँडमागची ये-जा करायची मोकळी वाट), सांडपाण्याची मोठी वाहिनी, विजेच्या सबस्टेशनला जादा जागा. पाया आता जाड केला तर थोडक्यात होतं. चालू स्टेडियमखाली नंतर तो जाड करायचा म्हणजे खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

मिनेसोटाने हे नीट केलं. १९८२ पासून त्यांचा संघ शहरातल्या मेट्रोडोममध्ये खेळत होता. २००९ मध्ये ते कॅम्पसवर परतले, ५०,८०५ जागांच्या स्टेडियममध्ये, आणि आराखडा ८० हजारांपर्यंत नेता येईल असा केला. तो विस्तार आजवर लागलेला नाही. म्हणजे तीस हजार जागांचा खर्च आणि देखभाल वाचली. स्नॅपड्रॅगनही ५५ हजारांपर्यंत वाढवता येईल असं आखलं आहे.

यू आकार, म्हणजे एक टोक उघडं, हा लहान संघासाठी चांगला मार्ग. उघड्या टोकाला गवताचा उतार ठेवा. मोठ्या सामन्याला लोक तिथे चटई टाकून बसतात, आणि दहा वर्षांनी गरज पडली तर तिथे स्टँड येतो.

११. शहरात एनएफएलचं, म्हणजे व्यावसायिक लीगमधल्या संघाचं, स्टेडियम आहे. भाड्याने घेऊन प्रश्न मिटवता येत नाही का?

कर्ज वाचतं, बाकी पुष्कळ जातं. टेम्पल फिलाडेल्फियात ईगल्सच्या सत्तर हजारांच्या आसपासच्या स्टेडियममध्ये खेळतं, पिट २००१ पासून स्टीलर्सच्या, मियामी २००८ पासून डॉल्फिन्सच्या. संघ जोरात असेल तेव्हा ही स्टेडियम भरतात, नसेल तेव्हा वरचा मजला बंद ठेवावा लागतो. पार्किंग, खाद्यपदार्थ आणि जाहिराती यांचं उत्पन्न करारात कुणाकडे जातं ते ओळीन् ओळ वाचा.

अंतराचा विचार त्याहून महत्त्वाचा. यूसीएलए १९८२ पासून पॅसाडीनाच्या रोझ बोलमध्ये खेळत आलं, कॅम्पसपासून चाळीसेक किलोमीटर, तेही लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमधून. वसतिगृहातल्या मुलाला सामन्यासाठी बस पकडावी लागली की त्यातले निम्मे खोलीतच टीव्ही लावतात.

ट्युलेन १९७५ पासून न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये होतं. २०१४ मध्ये ते कॅम्पसवर ३० हजारांच्या यल्मन स्टेडियममध्ये आलं. २०२२ मध्ये संघ जिंकायला लागला तेव्हा कॉन्फरन्सचा अंतिम सामना त्यांनी याच छोट्या मैदानावर घेतला आणि जिंकला. माझ्या दृष्टीने योग्य आकार म्हणजे हा.

१२. आमचा संघ वरच्या कॉन्फरन्समध्ये जाणार आहे. लगेच वाढवायला हवं ना?

थांबा. नव्या कॉन्फरन्सच्या पहिल्या एक-दोन हंगामांत मोठी नावं तुमच्या गावी येतात, त्यांचे चाहते तिकिटं उचलतात, आणि मागणी फुगलेली दिसते. तिसऱ्या हंगामात तुमची स्वतःची माणसं किती टिकली ते कळतं. एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) २०२४ मध्ये एसीसी या बड्या कॉन्फरन्समध्ये गेलं ते ३२ हजारांच्या आसपासच्या स्टेडियमसह, आणि त्याच वर्षी राष्ट्रीय प्लेऑफलाही पोचलं. लहान स्टेडियममुळे त्यांचं काही अडलं नाही.

उलट दिशाही लक्षात ठेवा. आयडाहोचं किबी डोम १६ हजारांचं. २०१८ मध्ये संघ एफबीएसमधून खालच्या गटात परतला. त्यांनी मधल्या काळात ४० हजारांचं बांधलं असतं तर ते कर्ज आज कोण फेडत बसलं असतं?

१३. सूट्स आणि क्लब सीट्स किती ठेवायच्या?

आधी विका, मग बांधा. सही केलेले करार आणि भरलेली अनामत याच आकड्यावर विश्वास ठेवा, सर्वेक्षणात "हो, घेऊ" म्हणणाऱ्यांवर नाही. बर्कलीने २०१२ मध्ये स्टेडियमचं ३२ कोटी डॉलरचं नूतनीकरण केलं. स्टेडियम हेवर्ड फॉल्टवरच बसलेलं असल्याने भूकंपासाठी ते करणं भाग होतं. पैसे दीर्घ मुदतीचे आसनहक्क विकून यायचे होते. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही आणि कर्जाचा भार विद्यापीठावर आला.

२०१७ च्या करकायद्याने आणखी एक आधार काढून घेतला. तिकिटाच्या हक्कासाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर पूर्वी करसवलत मिळायची, ती बंद झाली.

१४. व्हीलचेअरच्या जागा किती लागतात?

केंद्रीय नियम नेमका आहे. पाच हजारांवर क्षमता असेल तर ३६ जागा, आणि पुढच्या दर २०० जागांमागे एक. म्हणजे ३० हजारांना १६१, ५० हजारांना २६१. प्रत्येकीशेजारी सोबत्याची खुर्ची हवी, आणि त्या वेगवेगळ्या भागांत विखुरलेल्या हव्यात, एका कोपऱ्यात कोंबलेल्या नकोत. समोरचे लोक उभे राहिले तरी मैदान दिसलं पाहिजे. हे शेवटी बसवू म्हटलं की रांगांची उंचीच चुकते. पहिल्या रेखाटनातच घ्या.

१५. शेजारपाजारचे लोक विरोध करत आहेत. आकार कमी केला की ऐकतील?

दरवेळी नाही. टेम्पलने कॅम्पसवर ३५ हजारांचं स्टेडियम सुचवलं तेव्हा उत्तर फिलाडेल्फियातल्या रहिवाशांनी कडाडून विरोध केला आणि योजना बारगळली. एव्हान्स्टनमध्ये नॉर्थवेस्टर्नने क्षमता ४७ हजारांवरून ३५ हजारांवर आणली, तरी वाद पेटलाच, कारण सोबत मैफलींची परवानगी मागितली होती. २०२३ मध्ये मतं समसमान पडली आणि महापौरांच्या मताने वर्षाला सहा मैफलींना मंजुरी मिळाली.

वर्षातले सहा-सात शनिवार लोक सोसतात. उरलेल्या दिवशी तिथे काय होणार, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर लेखी द्या.

१६. बांधकाम चालू असताना संघाने खेळायचं कुठे?

जवळ, आणि लहान चाललं तरी कॅम्पसवर. हवाईचं ५० हजारांचं अलोहा स्टेडियम २०२० च्या शेवटी प्रेक्षकांसाठी बंद झालं. विद्यापीठाने कॅम्पसवरच्या मैदानात नऊ हजारांच्या आसपास जागा केल्या, पुढे त्या १५ हजारांवर नेल्या. नॉर्थवेस्टर्न २०२४ आणि २०२५ मध्ये मिशिगन सरोवराच्या काठावर, १२ हजारांच्या तात्पुरत्या स्टेडियममध्ये घरचे बरेचसे सामने खेळलं. मागे पाणी, पुढे मैदान, आणि प्रेक्षक इतके जवळ की खेळाडूंची टक्कर ऐकू यावी. बिग टेनसारख्या कॉन्फरन्समध्ये इतक्या लहान जागी सामने होऊ शकतात हे त्यांनी दाखवलं.

१७. आमचं जुनं स्टेडियम मोठं आहे आणि प्रेक्षक घटलेत. पाडायचं का?

पाडण्याआधी कमी करून बघा. ॲरिझोना स्टेटने सन डेव्हिल स्टेडियम ७१ हजारांवरून साधारण ५३,६०० वर आणलं. बाक कमी केले, येण्याजाण्याच्या वाटा मोठ्या केल्या. वरच्या टोकांवर ताडपत्री टाकून झाकणं हा स्वस्त उपाय, पण दोन हंगामांपलीकडे तो केविलवाणा दिसतो.

येल बोल मात्र वेगळा विषय. १९१४ चं, आज ६१ हजारांचं, एरवी बरंचसं रिकामं. विषम वर्षांच्या नोव्हेंबरात हार्वर्डचा संघ येतो तेव्हाच गर्दी होते. तरी ते पाडू नये असंच मला वाटतं. त्याच्याकडे बघून रोझ बोल आणि मिशिगनची स्टेडियम आखली गेली. अशी वास्तू सांभाळायचा खर्च क्रीडा विभागाच्या नव्हे, वारशाच्या खात्यात धरावा.

१८. उन्हाचा आणि आकाराचा संबंध असतो का?

असतो. ३ सप्टेंबर २०२२ ला स्नॅपड्रॅगनचा पहिला सामना भर दुपारी होता, पारा ३८ अंशांच्या आसपास. पूर्वेकडच्या स्टँडवर सावली नव्हती. लोक जागा सोडून कॉनकोर्समध्ये जाऊन उभे राहिले, अनेकांना उपचार लागले. कागदावर ३५ हजार जागा होत्या, त्या दुपारी वापरता आल्या त्याहून पुष्कळ कमी. दक्षिणेकडच्या राज्यांत क्षमता ठरवताना सप्टेंबरच्या दुपारी किती जागा सावलीत राहतात तो आकडा वेगळा काढा.

१९. मी पुण्यात बी.आर्क. करतेय आणि कॉलेज स्टेडियमवर थीसिस आहे. हे आकडे इथे वापरू का?

आकडे नको, पद्धत वापर. आपल्याकडे विद्यापीठाच्या सामन्याला तिकीट काढून येणारा असा पिढ्यांचा प्रेक्षक नाही, त्यामुळे ३० हजार किंवा ५० हजार हे आकडे इथे निराधार ठरतील. तुझ्या विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेचे साखळी सामने आणि अंतिम सामना अशा दोन्ही दिवशी माणसं मोज, एकदा सुरुवातीला आणि एकदा मध्यंतरानंतर. कुठे बसतात, ऊन आल्यावर कुठे सरकतात, बायकांच्या स्वच्छतागृहापुढे रांग किती लांब जाते, हे नकाशावर टिपून ठेव. मग प्रश्न ४ मधलं गणित मांड आणि प्रश्न १० मधले खांब-पाये सेक्शनमध्ये काढून दाखव. दोन-तीन हजारांचा आकडा आला तर तोच ठेव, आणि ज्यूरीने "एवढंच का?" विचारलं की मोजणीचा तक्ता समोर ठेव.